ठिपक्याआडची तबकडी

हिवाळ्यात रात्री उत्तरेला उंचावर सारथी तारकासमूह दिसतो. त्यातला ब्रह्महृदय हा ठळक, पिवळसर तारा कुणालाही सहज सापडतो. त्याच्या शेजारी तीन मंद ताऱ्यांचा एक चिंचोळा त्रिकोण आहे. या तिघांपैकी ब्रह्महृदयाला सर्वांत जवळचा तारा म्हणजे एप्सिलॉन ऑरिगी. एरवी त्याच्याकडे मुद्दाम पाहावे असे काही नाही. पण दर २७ वर्षांनी त्याचा जवळजवळ निम्मा प्रकाश नाहीसा होतो आणि सुमारे दोन वर्षांनी तो पुन्हा पूर्ववत होतो. १८२१ साली योहान फ्रिट्श या जर्मन धर्मोपदेशकाच्या लक्षात ही घट पहिल्यांदा आली.

हा जोडतारा आहे, म्हणजे दोन घटक एकमेकांभोवती फिरतात आणि एक दुसऱ्याला झाकतो, एवढे पुढे स्पष्ट झाले. पण दोन वर्षे चालणाऱ्या ग्रहणासाठी झाकणारी वस्तू अवाढव्य असायला हवी, आणि तिचा स्वतःचा प्रकाश तर दिसत नव्हता. प्रचंड पण विरळ, अर्धपारदर्शक तारा असावा, असा एक तर्क १९३७ मध्ये मांडला गेला. १९६५ मध्ये सू-शू ह्वांग यांनी वेगळे उत्तर दिले: तो तारा नसून एका ताऱ्याभोवतीची धुळीची जाड तबकडी आहे आणि ती आपल्याला कडेने दिसते.

तर्क पटण्याजोगा होता. पण पडताळणार कसा? एप्सिलॉन ऑरिगी हजाराहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. आकाशात त्याचा आकार किती? दोन हजार किलोमीटरवर ठेवलेले रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढा. सर्वसाधारण दुर्बिणीला तो ठिपकाच दिसणार. ठिपक्याची तेजस्विता मोजता येते, वर्णपट घेता येतो, पण लांबी-रुंदी नाही. तरीही त्या ठिपक्याच्या प्रकाशात आकाराची एक खूण शिल्लक असते. तिचे नाव ध्रुवण.

गोल आणि चपटे यांतला फरक

प्रकाश ही लाट आहे आणि लाटेचे कंपन तिच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात होते. साध्या प्रकाशात ही कंपने वर-खाली, डावी-उजवी, तिरपी अशी सर्व दिशांना सारखीच असतात. एखाद्या दिशेची कंपने जास्त झाली, की तो प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. पोलराइज्ड गॉगल घालून कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे पाहा आणि कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवा. एका स्थितीत आकडे दिसतात, दुसऱ्या स्थितीत पडदा काळा पडतो. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावतो, आणि गॉगलची काच त्याला आडवी आली की तो अडतो. आपल्या डोळ्यांना हा फरक सहसा कळत नाही. मधमाश्यांना कळतो. सूर्य ढगाआड असला तरी निळ्या आकाशाच्या एखाद्या तुकड्यावरून त्या दिशा ओळखतात.

आकाशाचा निळा प्रकाश ध्रुवित का असतो? कारण तो हवेच्या रेणूंवरून विखुरून आलेला असतो. प्रकाश कणावर आदळून काटकोनात वळला, तर तो सर्वाधिक ध्रुवित होतो. सरळ पुढे गेला किंवा आल्या वाटेने परत फिरला, तर मुळीच होत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत हवेच्या रेणूंचे काम मोकळे इलेक्ट्रॉन किंवा धुळीचे कण करतात.

आता एका ताऱ्याभोवती सर्व बाजूंनी सारखा पसरलेला वायूचा गोल आहे अशी कल्पना करा. डावीकडून विखुरून येणारा प्रकाश वर-खाली कंप पावेल, वरच्या भागातून येणारा आडवा. दोघांची बेरीज केली की ते एकमेकांना रद्द करतात आणि हाती शून्य राहते. पण तोच वायू तबकडीत दाबला गेला असेल आणि ती आपल्याला कडेने दिसत असेल, तर डाव्या-उजव्या बाजूंचा प्रकाश उरतो आणि त्याला रद्द करणारा वरचा-खालचा भागच नसतो. तबकडीच्या पुढच्या-मागच्या भागातून येणारा प्रकाश तर जवळजवळ अध्रुवितच असतो. मग ठिपक्याच्या एकूण प्रकाशात थोडे ध्रुवण शिल्लक राहते आणि त्याची दिशा तबकडीला काटकोनात असते. तीच तबकडी समोरून, ताटासारखी गोल दिसत असेल, तर पुन्हा शून्य.

म्हणजे ध्रुवण आहे की नाही यावरून वस्तू चपटी आहे का ते कळते. त्याच्या दिशेवरून ती आकाशात कशी ठेवली आहे हे कळते, आणि त्याच्या प्रमाणातून ती किती कललेली आहे याचा अंदाज येतो.

चंद्रशेखर यांचे भाकीत

या विचाराची सुरुवात तबकडीपासून नव्हे, ताऱ्याच्या कडेपासून झाली. १९४६ मध्ये अमेरिकेतील यर्कीज वेधशाळेत काम करणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी अतितप्त ताऱ्यांच्या वातावरणाचे गणित मांडले. अशा ताऱ्याच्या वातावरणात मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. तिथून निघणारा प्रकाश बिंबाच्या मध्यभागी अध्रुवित, तर कडेला ११ टक्क्यांहून अधिक ध्रुवित असला पाहिजे, असे उत्तर निघाले. पण बिंब गोल असल्याने सगळ्या कडा मिळून बेरीज शून्यच होणार. ती शून्य राहू नये यासाठी कडेचा काही भाग झाकला जायला हवा. ग्रहणकारी जोडताऱ्यांत नेमके हेच होते.

विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल या दोघा अमेरिकी निरीक्षकांनी हे भाकीत तपासायला घेतले. त्यांना ध्रुवण सापडले, अपेक्षेपेक्षा ठळक सापडले. अडचण एवढीच होती की ग्रहण असो वा नसो, ते बदलत नव्हते. शिवाय जोडतारे नसलेल्या ताऱ्यांतही ते होते. १९४९ मध्ये दोघांचे निष्कर्ष ‘सायन्स’ या साप्ताहिकात पाठोपाठ प्रसिद्ध झाले. तो परिणाम ताऱ्यांचा नव्हताच, ताऱ्यांच्या आणि आपल्या मधल्या धुळीचा होता. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धुळीचे लांबट कण एका दिशेने रचले जातात आणि त्यांतून येणारा प्रकाश किंचित ध्रुवित होतो. शोधायला गेले ताऱ्याची कडा, सापडले आकाशगंगेचे चुंबकत्व.

मूळ भाकीत मात्र तसेच राहिले. त्याची खात्री पटायला १९८३ साल उजाडले. ओरेगॉन विद्यापीठातील जेम्स केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ययाती तारकासमूहातील अल्गोल या ग्रहणकारी ताऱ्यात ते टिपले. ग्रहणाच्या वेळी ध्रुवणात पडलेला फरक टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या घरात होता. एवढा बारीक फरक दिसावा म्हणून किमान दहा कोटी फोटॉन मोजावे लागतात, कारण त्याहून कमी मोजले तर फोटॉनांच्या येण्यातला निव्वळ योगायोगही तेवढाच फरक दाखवू शकतो. केम्प यांनी यासाठी दुर्बिणीच्या वाटेत एक पारदर्शक ठोकळा बसवला होता. तो सेकंदाला हजारो वेळा कंप पावतो, प्रत्येक कंपनाबरोबर प्रकाशाची दिशा वळवतो आणि त्यामुळे दोन दिशांच्या प्रकाशाची तुलना सतत होत राहते. योगायोग असा की चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेही १९८३ मध्येच.

२७ वर्षांनी आलेली संधी

त्याच सुमारास एप्सिलॉन ऑरिगीचे ग्रहण चालू होते. १९८२ ते १९८४ या काळात केम्प यांच्या गटाने त्याचे ध्रुवण सतत मोजले. तबकडी ताऱ्यावरून सरकत जाते तशी ती त्याच्या कडेचा वेगवेगळा भाग झाकते. ज्या बाजूची कडा झाकली जाते तिचे ध्रुवण बेरजेतून वजा होते आणि उरलेल्याची दिशा बदलते. झाकणारी वस्तू अगदी सरळ, ताऱ्याच्या मधोमध जात असती, तर ग्रहणाचा पहिला आणि दुसरा अर्धा भाग आरशातल्या प्रतिमेसारखे दिसले असते. तसे ते नव्हते. त्यावरून १९८६ मध्ये केम्प यांनी निष्कर्ष काढला: झाकणारी वस्तू सडपातळ तबकडी आहे आणि ती कक्षेच्या पातळीत नेमकी बसलेली नसून काही अंशांनी कललेली आहे.

हे सारे ठिपक्याच्या प्रकाशावरून मांडलेले गणित होते. पुढचे ग्रहण २००९ मध्ये सुरू झाले, तोवर तंत्र बदलले होते. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या ‘चारा’ या दुर्बीण-समूहाने डोंगरावर दूरदूर उभ्या असलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून २००९ च्या अखेरीस त्या ताऱ्याचे बिंब खरोखरच टिपले. एप्रिल २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये ते चित्र छापून आले. गोल बिंबावर एका बाजूने आत शिरणारी, पातळ, लांबट, तिरकी काळी पट्टी त्यात दिसते. ध्रुवणाने चोवीस वर्षे आधी सांगितलेली कललेली तबकडी लोकांनी आता डोळ्यांनी पाहिली.

ध्रुवणाची अशी परीक्षा आधीही एकदा झाली होती. वृषभ राशीतल्या बैलाच्या एका शिंगाच्या टोकावर झीटा टॉरी नावाचा तारा आहे. तो अतिशय वेगाने स्वतःभोवती फिरतो आणि त्याने आपल्या विषुववृत्तावरून उधळलेल्या वायूची तबकडी त्याच्याभोवती आहे. ध्रुवणाची दिशा तबकडीला काटकोनात असते, हा नियम खरा असेल, तर तबकडी कुठल्या दिशेला लांबट दिसावी हे आधीच सांगता येते. १९९७ मध्ये आंद्रेआस क्विरेनबाख आणि सहकाऱ्यांनी झीटा टॉरी व त्याच्यासारख्या इतर काही ताऱ्यांची लांबट दिशा दुर्बिणी जोडून थेट मोजली. ती ध्रुवणाशी काटकोनात जुळली.

कल कळला तर वजन कळते

मग प्रश्न येतो: चित्र घेता येत असेल, तर ध्रुवण मोजण्याचा खटाटोप कशाला? कारण चित्रे घेता येतील असे जोडतारे थोडे आहेत. बाकीच्या असंख्य जोडताऱ्यांबाबत ठिपक्यावरच भागवावे लागते, आणि त्यांच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे त्यांचे वस्तुमान, एका कोनात अडकून बसलेली असते.

ताऱ्यांना तराजूत घालता येत नाही. त्यांचे वजन काढायचे, तर ते जोडीदाराभोवती किती वेगाने फिरतात ते पाहावे लागते. वर्णपटावरून वेग कळतो, पण फक्त आपल्या दिशेने येण्या-जाण्याचा. कक्षा आपल्याकडे कडेने असेल तर तो पूर्ण वेग असतो, कललेली असेल तर अर्धवट. त्यामुळे वर्णपटातून मिळते ते ‘किमान वस्तुमान’. समजा, एखाद्या ताऱ्याचे किमान वस्तुमान सूर्याएवढे निघाले. कक्षा कडेने दिसत असेल तर तो खरोखरच सूर्याएवढा आहे. कक्षेच्या पातळीचा कल ६० अंश असेल तर सुमारे दीड सूर्याएवढा. पण कल ३० अंशच असेल, तर तो तब्बल आठ सूर्यांएवढा. आणि हा फरक नुसता आकड्यांचा नाही. सूर्याएवढा तारा सुमारे एक हजार कोटी वर्षे शांतपणे जळतो. आठ सूर्यांचा तारा काही कोटी वर्षांतच संपतो आणि महाविस्फोटाच्या उंबरठ्यावर पोहोचतो. एकच वर्णपट, पण कल माहीत नसेल तर ताऱ्याचे भवितव्यच ठरत नाही.

इथे ध्रुवणातला बदल उपयोगी पडतो. जोडताऱ्यांभोवती तबकडी किंवा वायूचे आवरण असेल, तर दोन्ही तारे त्यावर प्रकाश टाकतात. तारे फिरतात तशी उजेड पडण्याची बाजू बदलते, आणि त्याबरोबर ध्रुवणाचे प्रमाण व दिशाही बदलतात. एका फेरीत हा बदल दोनदा होतो, कारण समोरून विखुरलेला आणि तेवढ्याच कोनात मागून विखुरलेला प्रकाश सारखाच ध्रुवित असतो. जॉन ब्राउन, इयन मॅक्लीन आणि गॉर्डन एमस्ली यांनी १९७८ मध्ये दाखवले की ध्रुवणाची मोजमापे आलेख-कागदावर मांडली तर त्या दुहेरी बदलातून एक लंबवर्तुळ उमटते. कक्षा समोरून दिसत असेल तर ते वर्तुळ होते, कडेने दिसत असेल तर चपटून सरळ रेषा होते. मधल्या आकारावरून कल काढता येतो. तो कल वर्णपटाच्या गणितात घातला की खरे वस्तुमान हाती येते.

कॅनडातील नादीन मॅन्से आणि पिएर बास्तियाँ यांनी ही पद्धत अगदी तरुण जोडताऱ्यांना लावली. हे तारे अजून जन्माच्या वेळच्या धुळीने वेढलेले असतात. त्यांच्या तबकड्यांतूनच पुढे ग्रह तयार होतात, त्यामुळे दोन तारे फिरत असताना तबकडी कशी टिकते हा प्रश्न ग्रहांच्या जन्माशी जोडलेला आहे.

जपून वाचावा असा आकडा

ही पद्धत बिनचूक नाही. मोजमापात थोडी जरी गडबड असली, तरी ठिपके विखुरतात आणि गोल वर्तुळही चपटे भासू लागते. त्यामुळे काढलेला कल नेहमी एकाच बाजूला, म्हणजे ९० अंशांकडे झुकतो, आणि तारा खऱ्यापेक्षा हलका ठरतो. चूक दोन्ही बाजूंना सारखी होत असती, तर पुष्कळ मोजमापांची सरासरी घेऊन ती काढून टाकता आली असती. एकाच बाजूची चूक सरासरीने जात नाही. म्हणून मोजमापांची अचूकता किती आहे हे न सांगता दिलेला कल फारसा कामाचा नसतो. शिवाय तबकडीत गुठळ्या असतील, ती आपसूक वाढत-घटत असेल, तर कक्षेशी संबंध नसलेला बदलही त्यात मिसळतो.

दुसरी अडचण म्हणजे १९४९ मध्ये सापडलेली ती मधली धूळ. ताऱ्याचे स्वतःचे ध्रुवण आणि वाटेतल्या धुळीचे ध्रुवण एकाच ठिपक्यात एकत्र येतात. धुळीचा वाटा स्थिर असतो म्हणून बदल ओळखता येतो, पण मूळ प्रमाण व दिशा हवी असेल तर तो वाटा वजा करावाच लागतो. त्यासाठी त्या दिशेच्या शेजारच्या ताऱ्यांचे ध्रुवण माहीत असावे लागते. या कामात पुण्याचा सहभाग आहे. पुणे विद्यापीठाच्या परिसरातील आयुका संस्थेत ध्रुवणमापक यंत्रे बांधण्याची जुनी परंपरा आहे. तिथेच ‘वॉलॉप’ ही दोन यंत्रे आखली गेली. एक दक्षिण आफ्रिकेतील सदरलंडच्या दुर्बिणीसाठी, दुसरे ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या स्किनाकास वेधशाळेसाठी. ‘पासिफे’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्यांनी लक्षावधी ताऱ्यांचे ध्रुवण मोजावे आणि धुळीच्या चुंबकीय रचनेचा नकाशा तयार व्हावा, असा बेत आहे. आकाशगंगेची धूळ हे त्या पाहणीचे मुख्य उद्दिष्ट. पण असा नकाशा हाती आला, तर एखाद्या जोडताऱ्याच्या प्रकाशातून धुळीचा वाटा वेगळा काढणे सोपे होईल.

तबकडी स्थिर नसते, ती डोळ्यांदेखत जन्मू शकते, हे आपल्या ओळखीच्या एका नक्षत्राने दाखवून दिले आहे. अनुराधा नक्षत्रातला मधला तारा, डेल्टा स्कॉर्पी, २००० सालच्या मध्यात अचानक उजळला. अर्जेंटिनातील हौशी निरीक्षक सेबास्टियन ओतेरो यांना ते साध्या डोळ्यांनी जाणवले. हाही जोडतारा आहे. त्याचा जोडीदार अतिशय लांबट कक्षेतून सुमारे पावणेअकरा वर्षांनी एकदा जवळ येतो, साधारण पृथ्वी-सूर्य अंतराएवढा जवळ. त्या वर्षीही तो जवळ येत होता, आणि मुख्य ताऱ्याभोवती वायूची तबकडी तयार झाली होती. २०११ आणि २०२२ मध्ये जोडीदार पुन्हा जवळून गेला. जोडीदाराच्या ओढीने तबकडी किती विस्कटते, किती सावरते, हे कळायला वर्णपटाबरोबर ध्रुवणही मोजले जाते.

डेल्टा स्कॉर्पीची पुढची जवळीक २०३३ च्या सुमारास आहे. त्यानंतर २०३६ मध्ये एप्सिलॉन ऑरिगीवर पुन्हा ग्रहण लागेल. दोन्ही तारे महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एप्सिलॉनची तेजस्विता त्या त्रिकोणातल्या दुसऱ्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहायला दुर्बीण लागत नाही. एरवी तो तिघांत ठळक असतो, ग्रहणात सर्वांत मंद ताऱ्याच्या बरोबरीला येतो. ध्रुवण डोळ्यांना कळणार नाही, पण उजेड कमी झालेला नक्की कळेल.